सवतीच्या अंगणातला पाम

ब्रायझाख, १२ ऑक्टोबर

इल्काबाई,

पत्र मिळालं. पाकिटावर तुम्ही माझं नाव अजून 'रोस्विता ब्रेंडले' असंच लिहिलंत, ते बरोबर आहे. नवरा ठेवून घ्यायची सोय नव्हती, आडनाव ठेवायची होती. ते मी ठेवलं.

हिवाळ्यात पाम कसा गुंडाळायचा ते मी सांगावं म्हणता. "हार्टमुट म्हणतो, ते सगळं रोस्विता करायची." माझ्याबद्दल एवढं खरं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला, आणि तेही तुमच्या स्वयंपाकघरात! इथे असताना तो पाममित्रांच्या मंडळात भाषणं द्यायचा. 'ऱ्हाइनकाठी पाम कसा जगवावा.' गावच्या पेपरात फोटोही आला होता, बुंध्यावर हात ठेवून हसतोय. मी तेव्हा शिडीवर होते, वर झावळ्या बांधत. फोटोत शिडीच्या दोन पायऱ्या तेवढ्या आल्या. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर त्यानेच.

गुडघ्यासाठी त्याला तीन आठवडे उपचारगावी, गरम झऱ्यांच्या गावाला, पाठवला तो मीच. विम्याने गुडघा दुरुस्त करून दिला आणि वर तुम्हाला दिलं. उपचारगावी जेवणाच्या टेबलावर कुणाचं ना कुणाशी जमतंच, हे सगळ्या देशाला माहीत आहे. घरी येताना ते स्टेशनवर सोडून यायचं असतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. तुम्हा दोघांनाच कुणी सांगितलं नव्हतं.

घटस्फोटात घर मला आलं आणि पाम त्याला गेला. कागदावर तसंच आहे. जूनमध्ये तो दोन मित्र आणि एक ट्रक घेऊन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप खाली ओढून घेतली होती. झडपेला फटी असतात. त्या फटीतून मी बघितलं, एवढ्या थोरल्या झाडाचा मुळांचा गड्डा त्यांनी बादलीएवढा कापला. तुटलेलं मूळ पामला सहसा परत फुटत नाही. बुंध्यातून नवी मुळं यावी लागतात, त्याला वर्ष-दोन वर्षं जातात. झडप उघडून ओरडावंसं वाटलं होतं. नाही ओरडले.

तुमच्या होफला ऑक्टोबरातच गाडीची काच खरवडावी लागते म्हणतात. तिथे ऱ्हाइनकाठचं झाड नेऊन लावायचं, मग 'आता काय करू' म्हणून त्याच्या पहिल्या बायकोला पत्र टाकायचं. धन्य आहे!

झाडाला थंडीत घालायला मी शिवलेल्या पांढऱ्या कोटाची वरची बाजू कुठली, असंही विचारलंय. बांधायचे बंद आहेत ती बाजू खाली. जन्मभर लोकांचे पडदे शिवले मी, पण एवढा अडाणी प्रश्न कुणी विचारला नव्हता. एवढं उत्तर फुकट. बाकीचं तुमच्या माणसाला विचारा.

रोस्विता ब्रेंडले


ब्रायझाख, ९ नोव्हेंबर

इल्काबाई,

फोटो कशाला पाठवलात? मी मागितला होता?

गॅरेजच्या कोपऱ्यावर, पूर्वेच्या वाऱ्याच्या तोंडाशी. झाड लावलंय की पार्क केलंय? घराला दक्षिणेची भिंत आहे ना? तीच, जिच्यापाशी हार्टमुटची खुर्ची दिसतेय. खुर्चीला ऊन आणि झाडाला वारा! त्याला नावं ठेवत नाही, तो असाच आहे. पण तुम्हाला डोळे आहेत ना?

दोन दिवस फोटो फ्रिजवर उलटा लावून ठेवला होता. आज सरळ केला. आता लिहिते ते नीट वाचा. हे तुमच्यासाठी लिहीत नाही, त्याच्यासाठी तर नाहीच नाही.

पहिल्या हिवाला घाबरून लगेच गुंडाळू नका. थोडी थंडी त्याला कळू द्या. पण यंदा मुळं तुटलेली आहेत, म्हणून उणे पाचच्या खाली जायच्या आत तयारीत राहा. जमीन गोठायच्या आधी भरपूर पाणी घाला. पाम थंडीने मरतो असं लोक म्हणतात, पण पुष्कळदा तो तहानेने मरतो, कारण गोठलेल्या मातीतून त्याला पाणी ओढता येत नाही. मग बुंध्याभोवती गुडघाभर सुका पाला घाला. ओला नको.

झावळ्या खालून वर, मऊ कापडाच्या पट्टीने बांधत जा. करकचून नको, माणसाचा हात बांधतोय असं समजून. मधला पोंगा, म्हणजे न उघडलेलं नवं पान, तोच त्याचा जीव. त्याच्यावर छप्पर हवं. आत पाणी शिरलं की गोठतं, आणि गोठलं की कुजतं. प्लॅस्टिक घराबाहेर ठेवा, त्यात झाडाला घाम येतो. कोट घाला. दुपारी हवा बरी असली की काढा, संध्याकाळी परत घाला. हो, रोज. मी रोज करत होते.

आता महत्त्वाचं. तुमच्याकडे निळ्या झाकणाचा खोका असेल, नाताळच्या सामानात, वर माझ्या अक्षरात 'पाम' लिहिलेलं. त्यात दिव्यांची माळ आहे, जुन्या तारेच्या बल्बांची, जे आता दुकानात मिळत नाहीत. बंदी येणार म्हटल्यावर सगळे धावले होते, मीही दोन खोके आणले. एक तुमच्याकडे गेला, एक माझ्या तळघरात आहे. ती माळ झावळ्यांच्या मोळीभोवती गुंडाळा, कोटाच्या आतून, पोंग्याला चिकटू न देता. उणे दहाच्या खाली गेलं की लावा. बाकी काही चुकलं तर चालेल, हे चुकवू नका.

आता परत फोटो पाठवू नका.

रो. ब्रेंडले


ब्रायझाख, १३ डिसेंबर
(हे टाकलं नाही)

इल्का,

तुम्ही लिहिता, जुनी माळ बिघडली म्हणून नवी आणली. एलईडीची. वीज खात नाही, आणि कोटातून असा उजेड येतो की शेजारी थांबून बघतात.

अगं बाई, त्या दिव्यांना ऊब नसते. ती माळ शोभेची नव्हतीच. जुने बल्ब तापायचे, म्हणून लावायचे. तुम्ही त्याला थंड दिवे लावलेत. ताबडतोब जुने बल्ब शोधा.

एवढंच लिहायचं होतं, ते झालं. पाकीट समोर आहे आणि त्यात घालवत नाही.

वसंतात तो काय करेल ते मला दिसतंय. कोट काढेल, मंडळाच्या लोकांना बोलावेल, पोंगा धरून ओढून दाखवेल, 'बघा, घट्ट आहे.' आणि पोंगा अख्खा हातात येईल, खालून काळा, सडक्या कांद्यासारखा वास मारत. मला त्याचा तेव्हाचा चेहरा हवाय. तीन वर्षं मी कशाच्या जोरावर उठते-बसते ते कुणी विचारलं नाही. असल्या चेहऱ्यांच्या जोरावर.

झाड माझं आहे. कागद काहीही म्हणो. माझं झाड मरू देतेय मी, त्याच्या चेहऱ्यासाठी. हे लिहिलेलं दोनदा वाचलं, तरी उठून टपालपेटीपर्यंत जाववत नाही.


ब्रायझाख, १३ डिसेंबर

इल्काबाई,

पत्र पोचलं. दिवे सुंदर दिसत असतील. नाताळच्या शुभेच्छा.

रोस्विता ब्रेंडले


ब्रायझाख, २४ जानेवारी

इल्काबाई,

तुम्ही पुढे म्हणाल, 'मी असं बोललेच नव्हते.' मीही म्हणेन. म्हणून शनिवारी तुमच्या अंगणात जे झालं ते लिहून ठेवते. पत्र जपून ठेवा, मी प्रत ठेवलीय.

शुक्रवारी रेडिओवर सांगितलं, तुमच्या बाजूला उणे एकोणीसपर्यंत जाणार. मी भांडी घासत होते. हात पुसले, तळघरात गेले आणि दुसरा खोका पिशवीत घातला. सकाळच्या गाडीत बसले. मॅनहाइमला गाडी बदलली तेव्हा परत फिरायचा विचार आला, न्यूर्नबर्गलाही आला. परत फिरले नाही, याचं कौतुक नको. तिकीट परत होत नव्हतं.

तुम्ही अंगणात होतात, हातात कोंबड्यांच्या दाण्याची बादली. मला बघून दचकला नाहीत, याचं तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. आत टीव्हीवर बर्फातल्या उड्यांची शर्यत चालली होती. हार्टमुटने खिडकी उघडली आणि ओरडला, "अरे, रोस्विता! बघ, कसा उजळलाय!" आणि उडी चुकेल म्हणून खिडकी लावून घेतली. तीन वर्षांनी भेटलेल्या बायकोला एवढंच.

उजळला होता खरा. माझा कोट घालून गॅरेजपाशी असा झगमगत उभा होता की रस्त्यावरून कुणालाही वाटावं, केवढी काळजी घेतात! मी कोटाखाली हात घातला. आत बाहेरइतकाच गारठा. मी पिशवी उघडायला लागले आणि तेवढ्यात खुराड्याच्या फटींतून पिवळा उजेड दिसला. जाऊन दार उघडलं. तोंडावर ऊब आली. तुमच्या तपकिरी कोंबड्या ओळीने बसलेल्या, आणि वर माझी माळ. एकूण एक बल्ब चालू.

"बिघडलीय म्हणालात," मी म्हटलं.

"कोंबड्यांना लागत होती."

"नव्या दिव्यांना ऊब नसते, एवढं ठाऊक नाही तुम्हाला?"

तेव्हा तुम्ही बादली खाली ठेवलीत आणि एकदम 'तू'वर आलात. "रोस्विता, मी खेड्यात वाढलेय. पिल्लांवर कुठला बल्ब टांगायचा ते मला शाळेत जायच्या आधी कळत होतं."

"मग मला पत्रं कशाला लिहिलीस?" मीही 'तू'वर आले, कशाला मागे राहू?

"मेल्यावर त्याला दाखवायला! बघ, तुझ्या बायकोने सांगितलं तसं सगळं केलं. तरी मेला, त्याला मी काय करू?"

"माझ्या झाडाचा जीव घ्यायला निघालीस, आणि वर माझीच साक्ष?"

"आणि तू गं?" तुम्ही एवढ्या मोठ्याने म्हणालात की कोंबड्या उठून उभ्या राहिल्या. "डिसेंबरात तुला लिहिलं, एलईडी लावलेत म्हणून. एवढी वर्षं झाडाला कोट शिवणारी बाई तू, तुला कळलं नसेल? मला वाटलं आता फोन येतो, आता शिव्या येतात. आलं काय? 'दिवे सुंदर दिसत असतील'! वाचून हसले मी. म्हटलं, ही पण माझ्याच बाजूची निघाली."

मी पिशवीतली माळ काढून सोडवायला लागले. तुमच्याकडून ऐकावं लागलं याची लाज वाटते, एवढं लिहिते, आणि पुढे जाते.

मग तुम्ही सांगितलंत. रोज सकाळी तो खिडकीशी उभा राहतो, झाडाला म्हणतो, "सुप्रभात, म्हाताऱ्या." आणि मागे न बघता तुम्हाला म्हणतो, "कॉफी कुठाय?"

"ते मलाही म्हणायचा," मी म्हटलं.

"पण तुझं झाड होतं ते. माझ्या खिडकीत तू उभी असल्यासारखं वाटतं मला. जूनपासून, रोज."

असा माणूस मी तुमच्यावर सोडला होता असं क्षणभर वाटलं. लगेच आठवलं, सोडला नव्हता, तुम्ही नेला होतात.

तर ठरलं ते असं. जूनमध्ये उपटलेलं झाड भर जानेवारीत परत उपटता येत नाही. मेमध्ये, पंधरा तारखेचा थंड सोफीचा दिवस, म्हणजे शेवटच्या हिवाचा, उलटला की मी येईन आणि ते घेऊन जाईन. तो तेव्हा मंडळाबरोबर इटलीला सरोवरांकाठचे पाम बघायला जाणार आहे. लोकांचे पाम बघायला माणूस आल्प्स ओलांडतो आणि घरच्याला बायका गुंडाळतात. तोवर झाड जगवायचं काम तुमचं. कोंबड्यांनी पहिली माळ ठेवून घ्यावी, दुसरी मी झाडाला बांधलीय.

बांधताना त्याने परत खिडकी उघडली होती, आठवतं? "दोघी सांभाळून हां! पोंग्याला हात लावू नका!" तुम्ही शिडी धरली होतीत आणि मी वर होते. शिडी हलत होती, तुमच्यामुळे. थंडीने की हसण्याने ते मी विचारलं नाही, आणि तुमच्याशी मैत्री झाली असंही समजू नका. तुमच्याकडची कॉफी म्हणजे भांडी विसळल्याचं पाणी.

रोस्विता ब्रेंडले


ब्रायझाख, २४ एप्रिल

इल्काबाई,

पोंगा ओढू नका! त्यालाही ओढू देऊ नका. तो कात्री घेऊन फिरतोय म्हणता, तर कात्री लपवा. खालच्या झावळ्या चहासारख्या तपकिरी झाल्या आहेत, त्या मेल्याच समजा. पण जीव तिथे नसतो. ओढल्याने जिवंत पोंगाही तुटतो, आणि मग लोक म्हणतात, 'मेलाच होता.'

कपड्यांवर खूण करायचं पेन घ्या. पोंगा आणि शेजारचं पान जिथे चिकटून आहेत तिथे दोघांवर मिळून एक आडवी रेघ मारा. आठवड्याने बघा. पोंग्यावरची रेघ पानावरच्या रेघेपेक्षा वर सरकली असेल तर तो वाढतोय. सरकली नसेल तर आणखी आठवडा थांबा, जूनपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा.

काय असेल ते लिहा. सरकली नाही तर तसं लिहा. खोटं दोघींचं एकेकदा झालंय, तेवढं पुरे.

रो. ब्रेंडले


ब्रायझाख, ३ मे

इल्काबाई,

बोटभर? नक्की? नखभर नव्हे ना?

तुमचं पोस्टकार्ड मी पोस्टमनसमोरच वाचलं आणि त्या बिचाऱ्याला मिठी मारली. त्याला अजून कळलं नाही का ते.

येते. माझ्या भाच्याचा टेम्पो आहे. फावडी आणते, गोणपाट आणते. आदल्या दिवशी बुंध्याशी पाणी सोडून ठेवा. आणि या खेपेला गड्डा मी कापणार.

रोस्विता


ब्रायझाख, ९ जून

इल्काबाई,

हे पत्र हार्टमुट स्वतः आणून देईल. पाकीट मी चिकटवलंय, त्याने उघडलं असेल तर कळेल. पुरतं वाचून होईपर्यंत त्याला दारातच उभा ठेवा.

झाड दक्षिणेच्या भिंतीशी आहे, तीन काठ्यांना बांधलेलं. गड्डा तुम्ही पाहिलातच, चौघांना उचलेना. अर्धी पानं मी छाटलीत, उरलेली मलूल आहेत. पण पोंगा आणखी वर आलाय आणि टोकाला उघडायला लागलाय. वर्षभरात दोनदा उपटलंय त्याला, दोन हिवाळे गेल्याशिवाय मी कुणालाच काही सांगणार नाही. जगेल असं वाटतं.

गुरुवारी दुपारी घंटा वाजली. हार्टमुट, सूटकेस घेऊन.

तो परत आला तर काय बोलायचं ते मी तीन वर्षं पाठ करून ठेवलं होतं, इल्काबाई. अंघोळ करताना म्हणायचे, शिवताना म्हणायचे. त्यात शब्द बदलायचे, आणखी तिखट घालायचे. त्याने माझ्याकडे बघावं, मान खाली घालावी, मग मी बोलायला लागावं, असं ठरलेलं होतं.

त्याने विचारलं, "कुठे लावलास?" आणि माझ्या अंगावरून आत, बागेत. पोंगा चाचपला. तुम्ही पेनाने मारलेली रेघ बघितली. म्हणाला, "मस्त आलाय. होफच्या थंडीत जगवला ना मी त्याला!" मग स्वयंपाकघरात येऊन आपल्या जुन्या खुर्चीवर बसला. "कॉफी आहे?"

मी कॉफी ठेवली. सवय हो.

"मी विचार केला रोस्विता," तो म्हणाला, "झाड इथे आहे, तर मी तिकडे काय करू?"

"आणि इल्का?"

"ती समजूतदार आहे. तूही होतीस."

माझं पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. राग यायला हवा होता, आला नाही. तळघरात गेले, बरण्यांमध्ये उभी राहून रडले. त्याच्यासाठी नाही. त्याने एकदा मान खाली घालावी म्हणून मी माझं झाडसुद्धा मारायला निघाले होते, आणि आता तो वर बसून साखर शोधत होता, आणि मला तो नको होता. कधीपासून नको होता कोण जाणे. मी बघितलंच नव्हतं.

वर येऊन म्हटलं, "कॉफी संपव. सकाळची गाडी आहे."

"कुठली गाडी?"

"होफची."

"अगं पण इल्काने झाड देऊन टाकलं! तिला मी नकोच आहे असा त्याचा अर्थ."

"ते तिला विचार."

"आणि मला राहावंसं वाटतं त्याचं काय?"

"तुला सावलीत बसावंसं वाटतं. बागेतल्या बाकावर बस आज, वारा चांगला आहे."

रात्री पाहुण्यांच्या खोलीत झोपला. सकाळी त्याला डबा दिला, चीज लावलेला ब्रेड आणि दोन उकडलेली अंडी. उगाच उपाशी कशाला जाऊ द्यायचा. आता तो बाहेर पायऱ्यांवर बसून बुटाच्या नाड्या बांधतोय आणि मी हे पुरं करतेय. त्याला वाटतंय, यात मी तुमची समजूत घातली आहे.

घातलेली नाही. तुम्ही माझं घर मोडलंत, ते मी विसरले नाही आणि विसरायचा विचारही नाही. तुमच्याबद्दल मला आजही काही गोड वाटत नाही. पण हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून सांगते.

तो आता तुमच्या पायरीवर उभा असेल, बॅग हातात, 'कॉफी कुठाय' म्हणायच्या बेतात. आत घ्यायचा तर घ्या, ते तुमचं घर आहे. मी त्याला आज सकाळी माझ्या घरातून परत पाठवला, इल्काबाई, आणि मला काही झालं नाही.

रोस्विता